टिपून घे

पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे पावणेचारला.
पिंप भरलं, हंडे भरले, भाजीचं पातेलंसुद्धा भरलं,
आणि उरलेल्या दोन बादल्यांत
बोअरचं थोडं मिसळून मी गाडी धुतली.
जुनीच, तीन हात फिरलेली. पण काळी.
सोलापुरात काळी गाडी!
शेजारच्या यल्लव्वाकाकू म्हणाल्या,
भाकऱ्या थापून ठेव की गं बॉनेटवर,
दुपारी उलथून नेते.

साडेसहाला ऊन कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसलं.
मी म्हटलं, वाळेल आपोआप, उन्हाला इथं काय तोटा.
नाना दारातूनच ओरडले:
ऊन वाळवत नाही, डाग पाडतं.
पाणी उडून जाईल, क्षार बसून राहील,
थेंबागणिक एक पांढरं नाणं.
मग घास जन्मभर.
सावलीत घे आधी.

न्यूट्रलला टाकून ढकलली, जिन्याच्या अंगाला.

एकतीस वर्षं नाना टॉवेलच्या कारखान्यात, चेकिंगला.
टेबलावर टॉवेल पसरायचा, तळवा फिरवायचा,
निसटलेला धागा बोटांना आधी कळायचा,
डोळ्यांना नंतर.
आमच्या घरात अंगं पुसली ती सेकंडच्या मालानं,
कुठं लूप तुटलेला, कुठं गुलाबी फुलाला चारच पाकळ्या.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
तीन महिन्यांच्या पगाराऐवजी मिळाले बारा डझन,
फर्स्ट क्वालिटी, परदेशी जायचे राहून गेलेले.
लग्नांत दिले, बाळंतविड्यात दिले,
एकदा रिक्षावाल्याला, सुट्टे नव्हते म्हणून.
तीन उरले होते, डांबरगोळ्यांच्या वासात.
त्यातला एक आज त्यांनी काढला.

नाना, गाडीला?

उत्तर नाही.
पायरीवर बसून ते दाढीच्या ब्लेडनं
काठ उसवायला लागले.
काठावर कारखान्याचं नाव विणलेलं, निळ्या अक्षरांत.
कडक असतो काठ, म्हणाले, रंगाला ओरखडे काढतो.
एवढंच.
निळी पट्टी पायरीवर पडली, वाऱ्यानं थोडी सरकली.

मग शिकवणी.
टपापासून सुरू कर, पाणी खालीच येतं.
रगडू नको. पसर, तळव्यानं दाब, उचल.
मेल्लगा, मेल्लगा. टिपून घे.
(नानांची घाई मराठीत असते,
सबुरी कायम तेलुगूत.)
मी लहान असताना ताप उतरला की
माझी पाठ अशीच टिपायचे,
हे मला आत्ता, काचेवर हात ठेवल्यावर आठवलं,
आणि मी बोलले नाही.

दरवाजापाशी टॉवेल हातातून सुटला.
उचलून, झटकून पुन्हा लावणार,
तोच त्यांनी मनगट धरलं.
पडला तो पडला.
खडीचा एक कण लूपमध्ये बसला की झालं,
तुला दिसणार नाही, गाडीला दिसेल.
तो आता चाकांना.
आणि आत जाऊन दुसरा आणला,
पुन्हा ब्लेड, पुन्हा निळी पट्टी.

दारांच्या फटी पुसल्या, डिकीची कड,
पेट्रोलच्या झाकणामागची ती ओली खाच.
काळ्या पत्र्यात नाना दिसू लागले,
वाकलेले, चष्म्याविना,
एका कुशीवर तळवा फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत.
पास, म्हणाले.

आणि तेवढ्यात आरशाच्या पोटातून
दडून राहिलेलं पाणी ओघळलं, दारावर खालपर्यंत.
मी चिडले. ते हसले.
आरसा असाच असतो. सगळं झाल्यावर देतो.

आता एक चक्कर मार, ब्रेक ओले असतील,
दोनतीनदा हळू दाब, वाळतील.
शेजारच्या सीटवर बसलेही ते,
मुठीत दोन्ही पट्ट्या गुंडाळलेल्या.
कुठं जाऊ?
कुठंपण. फक्त धुळीकडं नको.

म्हणजे कुठं, नाना?
सोलापुरात?